बस्ता विभागाची प्रमुख

"बोला शालनताई," अण्णा म्हणाले, आणि मी गप्प बसले.

गप्प बसायचं हे आधीच ठरलेलं होतं. अण्णा हुक्केरी म्हणजे आमचे मालक. गप्प माणसासमोर ते फार वेळ टिकत नाहीत, हे नऊ वर्षांत आम्हाला कळून चुकलं होतं. माळ्यावरच्या त्यांच्या केबिनला एक लांबट काच होती. तिच्यातून खालचं सगळं दुकान दिसायचं. पांढऱ्या गाद्या, त्यांवर मांडी घालून बसलेल्या आम्ही विकणाऱ्या बाया, भिंतीभर साड्यांचे गठ्ठे. इतकी वर्षं मी त्या गादीवरच बसत आले होते, पण वरून ती कशी दिसते हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मधल्या गादीवर हौसा होती. समोर चार बायका. एका हातानं साडी उलगडून तिनं पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि चौघींपैकी नेमकी जिची मान हलली तिच्याकडे वळली. काचेकडे तिनं पाहिलं नाही. पण मी वर गेलेय हे तिला ठाऊक होतं.

ही ब्याऐंशी सालची, सांगलीतली गोष्ट. आज माझी ऐंशी सरली. परवा काय जेवले ते आठवत नाही, पण त्या केबिनमधला खळीचा आणि उदबत्तीचा वास अजून नाकात आहे.

आमचं दुकान बस्त्यासाठी नावाजलेलं. तासगाव, जत, कवठ्याहून माणसं टेम्पो भरून यायची. नवरीचा शालू, विहिणींच्या मानाच्या साड्या, आत्या-मावश्यांची पातळं, व्याह्यांचे फेटे, आहेराचे टॉवेल-टोप्या, सगळं एका बैठकीत घ्यायचं. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसायची, त्यामुळे लग्नातले रुसवेफुगवे आमच्याच गादीवर सुरू व्हायचे. बस्ता विकायचा तर पंचवीस माणसांना चार-चार तास सांभाळावं लागे. कुणाला चहा, कुणाला पान, कुणाला नुसतं "तुमची पसंती वेगळी आहे हो" एवढं पुरायचं. आज कुणी मोबाइलवर चित्र बघून साडी मागवते तेव्हा मला त्या गादीची आठवण येते. पायांना मुंग्या यायच्या, आवाज बसायचा, तरी मजा यायची.

हे सगळं तोवर दत्तोबा मास्तर बघायचे. ते विभागप्रमुख. तशी पाटीच होती त्यांच्या गादीमागे, आणि पगार नऊशे. आम्हाला पावणेपाचशे. मास्तर थकले, गावी गेले. त्याच सुमारास अण्णांनी वरच्या मजल्यावर बस्त्यासाठी वेगळा हॉल बांधला आणि पाडव्याच्या पूजेला सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या खेपेला प्रमुख बायकांतली करायची. शालनताई नाहीतर हौसाबाई. एकेकीशी बोलतो म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी मागच्या जिन्यात भाकरी खाताना हौसानं मला धरलं.

हौसा खाडे चोविसाव्या वर्षी विधवा झालेली. पदरी एक मुलगा. भावाच्या घरी राहायची आणि भावजयीच्या हातचं मोजून खायची. कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा. पाचवी शिकलेली, पण माणूस गादीवर बसायच्या आत त्याच्या खिशात किती आहे आणि मनात किती आहे, दोन्ही तिला कळायचं. दुकानात मी तिला आणलं. साडीच्या निऱ्या कशा दाखवायच्या हे मी शिकवलं. तिसऱ्या वर्षी ती माझ्यापेक्षा जास्त विकायला लागली. हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, आणि तिनं ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"हे बघ," ती म्हणाली, "अण्णा आपल्या दोघींना एकमेकींवर घालतील. ही इतक्याला तयार आहे, तू किती खाली येतेस? तसं होऊ द्यायचं नाही. तूही नऊशे म्हण, मीही नऊशे म्हणते. आणि विभागप्रमुख असं कागदावर लिहून. मुख्य मदतनीस, अमुक-तमुक काही नको. मास्तरांना जे होतं तेच."

"आणि नाही म्हणाले तर?"

"दोघी नाही म्हणाल्यावर कुणाला बसवतील तिथं? आपल्या बायकोला?" ती हसली. मग चटणीचं बोट पुसत म्हणाली, "फक्त एक. एकमेकीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चांगलाही नको. बोलणं सुरू झालं की जीभ घसरते."

जिला मिळेल तिनं दुसरीला बासुंदी द्यायची, असं ठरलं. हौसाला ते पैसे खोलीसाठी हवे होते. खणभागात तिनं एक खोली हेरली होती, स्वतःचा नळ असलेली. भावाच्या घरातून बाहेर पडायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. माझ्या मुलीला मिरजेला नर्सिंगला घालायचं होतं. मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जकात नाक्यावरचा पगार त्यांच्या दम्याच्या औषधांतच जायचा. पण खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा त्या पाटीची भूक जास्त होती. घरी मी सूनबाई, दुकानात "ओ बाई, ती निळी दाखवा." अडतीस वर्षांची झाले तरी माझ्या नावापुढं कुणी काही लावलं नव्हतं.

तर मी गप्प बसले, आणि अण्णांना राहवेना.

"गप्प आहात म्हणजे मोठं काहीतरी मागणार," ते म्हणाले. "बरं, मीच सांगतो. सहाशे. आणि तुम्ही आमच्या सीनियर सेल्सवुमन."

मी विचारलं, मास्तरांना काय होतं. ते म्हणाले, मास्तरांची गोष्ट वेगळी, पुरुष माणूस, चार लेकरांचा संसार. मी म्हटलं, चूल माझ्याही घरी आहे. त्यावर मी घरच्यासारखी असल्याची आठवण त्यांनी करून दिली. दिवाळीची साडी, सासूबाईंच्या ऑपरेशनला दिलेली उचल, सगळं निघालं. मी मान हलवत राहिले आणि शेवटी म्हटलं, "नऊशे, अण्णा. आणि विभागप्रमुख असं कागदावर."

सातशेपर्यंत ते आपणहून आले. मग प्रमुख म्हणून हाक सगळे मारतील, कागदाची काय गरज, असं म्हणाले. मी म्हटलं, कागदावरच. माझा आवाज कापला नाही. मला माझंच नवल वाटत होतं. हौसानं शिकवलेलं सगळं मी पाठ केल्यासारखं करत होते आणि ते लागू पडत होतं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज खाली आणून, घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "तुम्हाला सांगणार नव्हतो. हौसाबाई काल येऊन गेल्या. साडेसातशेला तयार आहेत. नावाबिवाचा आग्रह नाही त्यांचा. म्हणाल्या, तुम्ही म्हणाल ते."

काल दुपारी अर्धा तास हौसा गादीवर नव्हती. कुठं गेली होतीस विचारलं तर "इथंच" म्हणाली होती. मला ते लख्ख आठवलं. मी काचेतून खाली पाहिलं. चारही बायका उठल्या होत्या, हातात पुडकी होती. चारच्या चार पुडकी. तिनं एकीलाही रिकामी सोडली नव्हती.

"मग त्यांनाच द्या," असं म्हणून मला उठता आलं असतं. ठरल्याप्रमाणे हौसाबद्दल चकार शब्दही काढावा लागला नसता. त्याऐवजी मी विकायला बसले.

"अण्णा," मी म्हटलं, "शालूला कुंकू कुणी लावायचं यावरून गेल्या सीझनला किती बस्ते अडले?"

आमच्याकडे बस्त्यातल्या पहिल्या शालूला हळदकुंकू लावतात, मगच बाकीचं कापड उलगडतात. लावायचं ते गिऱ्हाइकाच्या घरातल्या सवाष्णीनं. पण मुलीची काकू की मुलाची आत्या, यावर कधीकधी तोंडं फिरायची. तीन वर्षांत असं दोनदा झालं असेल. मी ते पाच-सहा वेळा करून सांगितलं. जतची ती पार्टी उठून समोरच्या दुकानात गेली होती, तीही आठवण करून दिली. म्हटलं, आता हॉल नवा आहे, तर पद्धतही नवी करू. पहिलं कुंकू दुकानाचं. दुकानाच्या प्रमुखबाईनं तबक घेऊन यायचं, शालूला लावायचं, दोन्ही विहिणींना नमस्कार करायचा. कुणाचा मान खाली नाही, कुणाचा वर नाही. पार्टीला वाटेल, काय थाट आहे. असं दुसरीकडे कुठंही नाही.

अण्णा पुढं झुकले. गिऱ्हाईक असं पुढं झुकलं की साडी गेलीच म्हणून समजायचं.

"आणि मग," मी म्हटलं, "ते हौसा कसं लावणार?"

अण्णांनी काचेतून खाली हौसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं." मग टेबलाच्या खणातून दुकानाच्या नावाचा छापील कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं नऊशे लिहिलं आणि त्याखाली विभागप्रमुख. उद्या टाइप करून देतो म्हणाले. एक रुपयासुद्धा मी खाली आले नव्हते.

जिना उतरले तर हौसा खाली साड्यांच्या घड्या घालत उभी होती. बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या.

"खाली आलीस का?" तिनं हळूच विचारलं. मला वाटलं, जिन्यावरून आल्याबद्दल विचारतेय. तिला आकड्याचं विचारायचं होतं.

"नाही. नऊशे. कागदावर देतायत."

तिचं तोंड एवढं फुललं की मला बघवेना. "माझी बाई ती," ती म्हणाली. "आता मला बोलावतील तेव्हा मीही तेच म्हणणार. अण्णांना घाम फुटू दे."

"तुला काल बोलावलं नव्हतं?"

"काल? छे. मी काल खणभागात गेले होते. सांगू नको कुणाला. खोलीवाल्याच्या हातावर शंभर टेकवून आले. प्रमुख होवो न होवो, खोली घ्यायचीच म्हटलं."

मी दिवसातून वीस वेळा म्हणायची, "आत्ताच एक बाई हीच साडी साडेतीनशेला घेऊन गेल्या, तुम्हाला म्हणून तीनशे पंचवीस." अशी बाई कधी आलेली नसायची. गिऱ्हाईक दाराकडे बघायचं, जणू ती बाई अजून रस्त्यात दिसेल, आणि पैसे काढायचं. ही युक्ती आम्हाला अण्णांनीच शिकवलेली होती. पहिल्या आठवड्यात, याच गादीवर बसवून.

जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. कागद अजून टाइप व्हायचा होता. वर जाऊन, अण्णा, ते कुंकवाचं राहू द्या, मी उगाच बोलले, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता. हौसा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "भूक लागली गं," आणि डबा घ्यायला मागं गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर अण्णांनी सगळ्यांना गादीपाशी गोळा केलं. मला पाकीट दिलं. नव्या हॉलची नवी पद्धत समजावून सांगितली, तबक चांदीचं आणलंय म्हणाले. मग हौसाकडे वळून अगदी गोडीनं बोलले की तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, विक्रीत तुमचा हात कुणी धरणार नाही, पण हे शुभकार्याचं काम. "मला तर सुचलंही नसतं. शालनताईंनीच लक्षात आणून दिलं."

हौसाच्या हातात एक गर्भरेशमी साडी होती. तिची घडी तिनं पुरी केली. काठाला काठ लावला, हातानं दाबली, गठ्ठ्यावर ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"लिहून घेतलंत ना नीट?" ती म्हणाली. "बघून घ्या, प्रमुखबाई. पाटीवर नाव चुकायला नको."

नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. शालन, अगं शालन, मेले, अशाच तिच्या हाका. त्या दिवसापासून मी प्रमुखबाई. तिच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, पाया पडले असते. तसं काही नव्हतं. जिल्ह्याच्या साहेबाशी बोलावं तसं ती माझ्याशी बोलायची, अदबीनं. मी एकदा बासुंदी घेऊन गेले. तिनं दोन्ही हातांनी पातेलं घेतलं, सगळ्या बायांना वाटली, पातेलं घासून परत दिलं. स्वतः खाल्ली की नाही ते मला दिसलं नाही.

गंमत अशी की बाकी कुणीच मला प्रमुख म्हटलं नाही. अण्णांना मी शालनताईच राहिले. पोरींना ताई. गिऱ्हाईक "ओ बाई" म्हणायचं. पाटीकडे कोण बघतंय. ज्या नावासाठी मी तोंड उघडलं, त्या नावानं मला हाक मारणारी जगात ती एकटी होती.

खोली तिनं सोडली. पावणेपाचशेत ती बसत नव्हती. आगाऊ दिलेले शंभर खोलीवाल्यानं परत केले नाहीत असं मला दुसऱ्यांकडून कळलं. महिन्याभरात तिनं आपणहून गादी सोडली आणि जिन्याखालच्या फॉल-पिकोच्या मशीनवर बसायला लागली. अण्णांनी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, गुडघे दुखतात. वर बस्ते सुरू झाले. मी चांदीचं तबक घेऊन जायची, शालूला कुंकू लावायची, विहिणींना नमस्कार करायची. लोकांना ते खरंच आवडायचं. दोन वर्षांत दुसऱ्या दुकानांनीही ते उचललं.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात माझे मालक गेले. दम्यानंच. मुलगी तोवर मिरजेत नोकरीला लागली होती. सोळाव्या दिवशी मी दुकानात गेले, ते राजीनामा द्यायच्या तयारीनंच. मोकळं कपाळ घेऊन जिना चढले आणि अण्णांना म्हटलं, आता बस्त्याला दुसरं कुणी बघा.

अण्णा बिलं तपासत होते. लग्नसराई तोंडावर होती. "म्हणजे?" ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "अहो, ते होय. कोण बघतंय शालनताई आता तसलं? कपाळाला टिकली लावा आणि बसा. गिऱ्हाईक कपाळ बघतं, घर बघत नाही. कवठ्याची पार्टी येऊन थांबलीय, शालू काढलाय, जा लवकर."

एवढंच. एका वाक्यात उरकलं त्यांनी. पाच वर्षांपूर्वीही ते एका वाक्यात उरकलं असतं.

मी हॉलमध्ये गेले नाही. खाली उतरले. हौसा मशीनवर वाकलेली, हिरव्या साडीला फॉल लावत होती. केस पुष्कळ पिकले होते तिचे. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी मशीन थांबेना.

"हौसा," मी म्हटलं, "वर चल. आजचं कुंकू तू लाव. अण्णांनी सांगितलंय, आता तसलं कोण बघत नाही म्हणून. तू लाव, मी तबक धरते."

मशीन थांबलं. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि क्षणभर मला वाटलं की ती मला नावानं हाक मारणार. तोंड उघडलंही होतं तिनं.

मग तिनं सुई वर घेतली, साडी थोडी पुढं सरकवली.

"त्याचा पगार तुम्ही घेता, प्रमुखबाई," ती म्हणाली. "तुम्हीच लावा." आणि पाय पुन्हा पॅडलवर ठेवला.

पलीकडच्या काउंटरवर टिकल्यांची पाकिटं टांगलेली असायची. मी एक फाडलं, आरसा नव्हता म्हणून अंदाजानंच लावली आणि वर गेले. पंचवीस माणसं माझी वाट बघत होती. शालूला आधी हळद लावली, मग कुंकू, दोन्ही विहिणींना वाकून नमस्कार केला. मुलाची आई म्हणाली, "किती प्रसन्न वाटतंय हो तुमच्याकडे."

त्या दिवशी बस्ता फार मोठा झाला.